भुरीसाठी लवंग तेल, ओवा तेल, गवती चहाचं तेल कोणी मारलंय का? (द्राक्ष, शेवटचा टप्पा)

बागवान_दिंडोरी

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग आहे, मण्यात पाणी उतरायला लागलंय (मणी मऊ पडून पिकायला लागलेत) आणि आठवडाभर सकाळी धुकं, दिवसभर ढगाळ, पाऊस मात्र थेंब नाही, म्हणजे भुरीचं (पानाघडावर पांढरी भुकटी आणणाऱ्या बुरशीचं) हक्काचं वातावरण. आतल्या कॅनॉपीत (वेलीच्या दाटीत) पानांवर आणि थोड्या घडांच्या देठावर पांढरं दिसायला लागलंय. माल एक्स्पोर्टला द्यायचाय त्यामुळे आता ट्रायझोल वगैरे रासायनिक बुरशीनाशक मारायला हात धजत नाही, पीएचआय (फवारणी ते काढणीमधलं ठरलेलं अंतर) बसत नाही आणि रेसिड्यूत (मालात उरलेल्या औषधाच्या तपासणीत) सापडलो तर सगळं वर्ष पाण्यात.

काल गावातल्या दुकानात एक बाटली दाखवली, म्हणे वनस्पतींच्या तेलांपासून बनवलंय, झिरो रेसिड्यू, काढणीच्या आदल्या दिवशी मारा. लवंग, दालचिनी, गवती चहा अशी चित्रं आहेत वर. भाव ऐकून घेतली नाही अजून. मग घरी येऊन व्हिडिओ बघितले तर एक जण सांगतोय की बाजारातून लवंग तेल आणा, लिटरला ५ मिली टाका, शाम्पूचा एक पाऊच टाका आणि मारा, भुरी एका रात्रीत गायब. दुसरा म्हणतो ओव्याचं तेल भारी, तिसरा म्हणतो निलगिरी. आता खरं काय? कोणी प्रत्यक्ष मारलं असेल तर सांगा, पुस्तकी नको (पुस्तकी पण चालेल पण आधी अनुभव).

तासगावचा_बेदाणेवाला

दादा, तेल कुठलंही असो, पाणी उतरलेल्या घडावर मारू नका एवढंच सांगतो. लांबचं कशाला, आम्ही बेदाणा करताना काय करतो? लिटरला १५ मिली डिपिंग ऑइल आणि २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट टाकून त्यात घड बुडवून काढतो, कशासाठी, तर मण्यावरच्या मेणाची वाट लागावी आणि आतलं पाणी लवकर निघावं म्हणून. ते तेल वेगळं, लवंगेचं वेगळं हे मान्य, पण मेणाला तेल लागलं की ब्लूम (मण्यावरची पांढरट मेणाची झाक) जाणारच ना. आणि खायच्या द्राक्षाचं ब्लूम गेलं की व्यापारी गाडीतून न उतरता सांगतो, अण्णा हा माल लोकलला. मणी चकचकीत दिसायला लागला की तो माल कोणी तरी चोळल्यासारखाच दिसतो, कितीही गोड असू द्या.

भुरी परवडली, ब्लूम गेलेलं परवडत नाही. बाकी ज्यांना कळतं त्यांनी सांगा.

नैसर्गिक_शेतीवाला

आमच्याकडे दशपर्णी अर्क (दहा वनस्पतींच्या पाल्याचा) आणि आंबट ताक, वर्षानुवर्षं चालू आहे. भुरीला तेलबिल काही लागत नाही. दशपर्णीत पण सगळ्या वनस्पतींचं तेल येतंच की. कंपन्यांच्या नादी लागू नका.

रोगशास्त्र_राहुरी

मी वनस्पती रोगशास्त्र शिकलेय आणि वनस्पती तेलांवर लॅबमधे बऱ्यापैकी काम केलंय म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर मधलं सोडून शेवटचा भाग वाचा.

आधी एक गोंधळ काढूया कारण वरच्या पोस्टमधे पण तो आलाय. दशपर्णी हा पाण्यातला अर्क आहे, त्यात उडणारं तेल जवळपास येतच नाही, ते पाण्यात विरघळतच नाही मुळात. निंबोळी तेल, करंज तेल ही घाण्यावर काढलेली स्थिर तेलं, कागदावर टाकली की डाग राहतो. लवंग, ओवा, गवती चहा, दालचिनी, निलगिरी ही वाफेवर काढलेली सुगंधी तेलं, कागदावरून हळूहळू उडून जातात. तिन्ही गोष्टी वेगळ्या, कामाची पद्धत वेगळी, डोस वेगळा. व्हिडिओवाले तिन्हींना 'नैसर्गिक तेल' म्हणून एकाच पातेल्यात घालतात.

आता सुगंधी तेल बुरशी मारतं का, तर हो, मारतं, यात काही थोतांड नाही. लवंगेच्या तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं, गवती चहाच्या तेलात ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास सिट्रल, ओव्यात थायमॉल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड. (दालचिनीच्या पानांचं तेल वेगळं, त्यात परत युजेनॉलच जास्त, दुकानदार हे सांगत नाही, त्यालाही माहीत नसतं.) ही द्रव्यं बुरशीच्या पेशीच्या पडद्यात घुसतात, पडदा गळका होतो, आतलं सगळं बाहेर येतं. पेट्रीडिशमधे ५०० पीपीएमला म्हणजे लिटरला अर्धा मिलीला कितीतरी बुरशींची वाढ थांबलेली मी स्वतः बघितलीये, अगदी पांढरीशुभ्र प्लेट, वाढ शून्य.

पण पेट्रीडिशला झाकण असतं हो! तेल आत कोंडलेलं असतं, वाफ पण तिथेच, पाच-सात दिवस बुरशीच्या उरावर. बागेत तुम्ही सकाळी मारलं की ऊन आणि वाऱ्यात काही तासांत बराचसा भाग उडून जातो. वास गेला म्हणजे औषध गेलं असं समजा ढोबळमानाने. त्यामुळे प्लेटवरचा आकडा बागेत लावता येत नाही, मग लोक काय करतात, डोस वाढवतात. आणि इथेच पान जळतं. लवंग तेल जास्त टक्केवारीला अमेरिकेत सेंद्रिय तणनाशक म्हणून वापरतात, युजेनॉल हिरव्या पानाच्या पेशी पण तशाच फोडतं जशा बुरशीच्या फोडतं, त्याला कुठे कळतंय कोण आपलं कोण परकं. लिटरला ५ मिली शुद्ध लवंग तेल आणि वर शाम्पू, ते पण नीट न मिसळलेलं म्हणजे पंपाच्या सुरुवातीला नुसतं पाणी आणि शेवटच्या ओळीत निव्वळ तेल. शेवटच्या ओळीतली कोवळी पानं कडेने तपकिरी होणार.

मिसळण्याचं पण सांगते. तेल आधी इमल्सिफायरमधे (तेल-पाणी एकजीव करणारं द्रव्य, ट्वीन ८० वगैरे) घोटायचं, मग त्यात थोडं थोडं पाणी, दुधासारखं झालं पाहिजे आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहिलं पाहिजे. वर तवंग आला की ते मिश्रण बागेत न्यायचं नाही.

रोगाप्रमाणे पण फरक आहे. भुरीची बुरशी पानाच्या वरच राहते, फक्त शोषकं आत घालते, त्यामुळे वरून लागलेलं तेल तिला थेट भेटतं, म्हणून कुठलंही तेल भुरीवर थोडंफार काम करतं. डाऊनी (केवडा रोग) मात्र पानाच्या आत वाढतो आणि पानाखालून बाहेर डोकावतो, शिवाय ती खरी बुरशी पण नाही, वेगळ्याच कुळातली. डाऊनीचे तेलकट डाग दिसल्यावर त्यावर लवंग तेल मारणं म्हणजे निव्वळ खर्च. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पावसात कोणी असं करू नका.

आता दिंडोरीवाले दादा तुमच्यासाठी: तासगावच्या काकांचं बरोबर आहे, या टप्प्यात घडावर तेल नको. ब्लूमचं आहेच, शिवाय लवंगेचा वास मण्याला धरला तर खरेदीदार काय म्हणेल ते वेगळं. आतली जुनी पानं काढून कॅनॉपी मोकळी करा, भुरीला ऊन सोसत नाही, अतिनील किरणांनी बीजाणू मरतात. पोटॅशियम बायकार्बोनेट आहे, गंधक आहे, ॲम्पेलोमायसिससारखी भुरीवर जगणारी बुरशी मिळते (पण ती आणि गंधक एकत्र नाही, गंधक तिलाही मारतं). ही सगळी ॲनेक्शर ९ (निर्यातीच्या द्राक्षाला चालणाऱ्या औषधांची यादी) आणि मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याशी ताडून घ्या.

आणि हो, गंधक मारलंय का अलीकडे?

बागवान_दिंडोरी

ताई एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. गंधक ८० टक्के डब्ल्यूडीजी (पाण्यात मिसळायचे दाणे) गेल्या आठवड्यात मारलंय. का विचारलंत? आणि समजा घड सोडून फक्त पानांवर मारलं तर?

रोगशास्त्र_राहुरी

म्हणूनच विचारलं. गंधक मारल्यावर कमीत कमी दोन आठवडे कुठलंही तेल मारायचं नाही, आणि तेलानंतर गंधकाचंही तेच. तेल गंधकाला पानाच्या आत घेऊन जातं आणि मग पान भाजल्यासारखं होतं. हे निंबोळी तेल, मिनरल ऑइल, सुगंधी तेल सगळ्यांना लागू. कॅप्टन या बुरशीनाशकाबरोबर पण तेच. तुमच्या बागेत आत्ता पानांवर गंधक आहे म्हणजे विषयच संपला, पानांवर पण नाही. आणि ब्लोअरने घड सोडून पानावर मारणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही 😄

देवगडचा_हापूसवाला

द्राक्षातलं मला कळत नाही पण विषय इंटरेस्टिंग म्हणून लिवतो. आंब्यावरचा करपा मोहोरापासूनच फळात शिरून गप्प बसतो, झाडावर फळ एकदम स्वच्छ दिसतं आणि आढीत पिकायला लागलं की काळे डाग. म्हणून आमच्याकडे काढणीनंतरची ट्रीटमेंट महत्त्वाची. गरम पाण्यात, ५२ अंशाला साधारण १० मिनिटं बुडवतात, त्याने करपा बराच दबतो, पण अंश चुकला की साल भाजते त्यामुळे थर्मामीटर लागतोच, हात घालून अंदाज करायचं काम नाही.

ताईंनी झाकणाचं लिवलं ते वाचून वाटलं की मग ही तेलं खरं म्हणजे आमच्याच कामाची, पेटी बंद असते, खोली बंद असते, वाफ कोंडून राहते. आमच्या वाडीत एकाने ओव्याचं फूल फडक्यात बांधून पेटीत ठेवलेलं. डाग कमी आले असं तो म्हणतो, मोजलं कोणी नाही. पण पुण्याचं गिऱ्हाईक म्हणालं आंब्याला बामाचा वास का येतोय. हापूसमधे वासाचेच तर पैसे आहेत, वासच गेला तर राहिलं काय!

तासगावचा_बेदाणेवाला

ओव्याचं फूल म्हणजे आमच्या आज्जीची अमृतधारा की. ओवाफूल, पुदिनाफूल आणि कापूर एका बाटलीत टाकलं की आपोआप पाणी होतं. पोटात दुखलं की दोन थेंब. आता द्राक्षाला पण द्या म्हणताय 😂

रोगशास्त्र_राहुरी

हसू नका काका, ओव्याचं फूल म्हणजे स्वच्छ थायमॉलच. मधमाशीवाले पेटीतल्या व्हरोआ माइटला (मधमाशांवरच्या बारीक किडीला) थायमॉलच वापरतात, ते पण बंद पेटीत आणि वाफेच्याच जोरावर. हापूसवाल्या दादांचा मुद्दा एकदम बरोबर, काढणीनंतर बंद जागेत ही तेलं सगळ्यात जास्त काम करतात, संत्र्यावरच्या हिरव्या बुरशीवर वगैरे बरंच संशोधन त्याच दिशेने चाललंय, आणि अडचण पण तिथे एकच, वास. द्राक्षाच्या पेटीत आपण बुरशी येऊ नये म्हणून सल्फर डायऑक्साइडचं पॅड ठेवतो, त्याच्या जागी तेलाची वाफ सोडणारं पॅड ठेवता येईल का हे लोक बघतायत.

आणि एक, बाजारात 'ओवा तेल' म्हणून जे मिळतं त्यातून कधीकधी थायमॉल आधीच काढून घेतलेलं असतं, फूल वेगळं विकलं जातं आणि उरलेलं पातळ तेल वेगळं. वास ओव्याचाच येतो, दम नसतो. गवती चहाच्या तेलात भेसळ तर विचारूच नका. दोन डब्यांचा गुण सारखा येईल याची खात्री नाही म्हणून व्हिडिओतला डोस तुमच्या डब्याला लागू होत नाही.

फ्रान्समधला_मराठी

मी इकडे वाईनच्या द्राक्षाच्या बागेत कामाला आहे, मूळचा निफाडचा. इकडचं सांगतो, युरोपात युजेनॉल, जिरॅनिऑल आणि थायमॉल या तिघांना २०१३ मधे कीडनाशक म्हणून मंजुरी मिळालीये आणि तिन्ही एकत्र असलेलं मेव्हालोन नावाचं औषध द्राक्षावरच्या बोट्रायटिससाठी, म्हणजे घडाच्या राखाडी कुजीसाठी मिळतं. त्यातली गंमत अशी की तेल उघडं नसतं, यीस्टच्या रिकाम्या पेशींमधे भरलेलं असतं. ओलावा आला की त्यातून हळूहळू बाहेर पडतं. बुरशीला पण ओलावाच लागतो, म्हणजे ती उठते तेव्हाच औषध सुटतं. ताई म्हणतात तो उडून जाण्याचा प्रॉब्लेम असा सोडवलाय.

लिटरमधे तिन्ही मिळून १६५ ग्रॅमच्या आसपास ऐवज असतो आणि हेक्टरी ४ लिटर, म्हणजे एकरी पावणेतीनशे ग्रॅमच्या आतच. तुमचा व्हिडिओवाला लिटरला ५ मिली सांगतोय, एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर २ लिटर नुसतं लवंग तेल! हिशोब करा कुठे चाललाय.

संत्र्याच्या सालीच्या तेलाचं औषध पण आहे भुरीसाठी. आणि केळीत दक्षिण अमेरिकेत ब्लॅक सिगाटोका या पानांच्या रोगावर टी ट्री तेलाचं टिमोरेक्स गोल्ड चालतं, ते तर बऱ्यापैकी मोठ्या क्षेत्रावर. पण कोणी असं समजू नका की इकडे सगळे तेलावर आलेत. भुरीला आजही गंधक आणि डाऊनीला तांबं, बोर्डो मिश्रणाच्या जन्मगावी पण तेच. तांब्यावर मर्यादा आलीये, ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोच्या वर नाही, म्हणून पर्याय शोधतायत आणि तेलं त्या रोटेशनमधे मधेमधे बसवतात, विशेषतः काढणीच्या जवळ. वाईनच्या द्राक्षाला ब्लूमचं कोणी विचारत नाही हा पण फरक आहे, तुमची खायची द्राक्षं.

नैसर्गिक_शेतीवाला

म्हणजे शेवटी कंपनीचंच औषध घ्या असंच ना?

फ्रान्समधला_मराठी

नाही भाऊ, मी म्हणतोय की ज्यावर काय आहे किती आहे ते लिहिलंय ते घ्या. घरचं असलं तरी चालेल, मोजलेलं पाहिजे. २०१० ला क्लोरमेक्वाटमुळे (वाढ रोखणारं द्रव्य, आपण सीसीसी म्हणतो ते) आपल्या द्राक्षाची युरोपात काय हालत झाली ते आमच्या घराने भोगलंय, सीसीसी सगळेच वर्षानुवर्षं वापरत होते आणि कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तासगावचा_बेदाणेवाला

हे मात्र लाखातलं बोललात. त्या वर्षी एक्स्पोर्टचा माल लोकलला काय भावाने गेला ते आठवलं की अजून झोप उडते. दिंडोरीकर, ती दुकानातली बाटली नीट बघा. मागे आमच्या भागात अशीच एक 'हर्बल' बाटली आलेली, भुरी खरंच दोन दिवसांत गेली, सगळे खूश, आणि रिपोर्टमधे ट्रायझोल निघालं. ज्याने आयुष्यात त्या सीझनला ट्रायझोल मारलं नाही त्याच्या मालात! दोन दिवसांत भुरी साफ करणारं झाडपाल्याचं औषध दिसलं की मला तर आनंदाच्या आधी धडकीच भरते.

रोगशास्त्र_राहुरी

काकांना शंभर टक्के अनुमोदन. युरोपात ज्याची मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट ०.०१ मिलीग्रॅम प्रति किलो लावतात, म्हणजे नखभर पण पुरतं. कीडनाशक म्हणून विकायचं तर १९६८ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, लेबलवर नोंदणी क्रमांक, सक्रिय घटकाचं नाव आणि टक्केवारी, आणि रंगाचा त्रिकोण असतो. हे नसेल आणि तरी 'भुरी जाते' असं सांगत असतील तर ठेवा परत फडताळात.

दादा, तुम्हाला प्रयोग करायचाच असेल तर माल उतरल्यावर करा. काढणी झाली की खरड छाटणीपर्यंत (काढणीनंतरच्या मोठ्या छाटणीपर्यंत) वेलीवर पानं असतात, भुरी पण असते, घडाची चिंता नाही, गंधकाची गॅप पण झालेली असते. एका ओळीच्या टोकाची पाच-सहा झाडं घ्या, लिटरला अर्धा मिलीपासून सुरू करा, दुसऱ्या गटाला एक मिली, तिसऱ्याला नुसतं पाणी आणि इमल्सिफायर (हा तिसरा गट कोणी ठेवत नाही, आणि मग साबणाने गेलेली भुरी लवंगेच्या नावावर जमा होते). संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारा, तीन दिवस पानाच्या कडा बघा, मग भुरी बघा. हातमोजे आणि चष्मा घाला, लवंग तेल कातडीला झोंबतं आणि डोळ्यात गेलं तर विचारू नका. पंप लगेच साबणाने धुवा, या तेलांनी रबरी वॉशर फुगतात.

बागवान_दिंडोरी

सगळ्यांचे आभार, एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं. आज सकाळपासून दोन बायका लावून आतली पानं काढायला घेतलीयेत, पोटॅशियम बायकार्बोनेटचं मांजरीला फोन करून विचारतो. लवंग तेलाचा प्रयोग माल गेल्यावर टोकाच्या ओळीवर करणार, फोटो टाकेन इथे.

बाटलीचं सांगायचं राहिलं. दुपारी परत दुकानात गेलो, मागची बाजू वाचली. नोंदणी क्रमांक नाही, त्रिकोण नाही, घटक म्हणून 'वनस्पतीजन्य अर्क १००%' एवढंच. म्हटलं बिल द्या आणि बिलावर नाव आणि बॅच नंबर टाका. तर म्हणतो, दादा बिलावर टॉनिक लिहून देतो, चालेल का?

तासगावचा_बेदाणेवाला

त्याला म्हणावं पैसे पण टॉनिकचेच घे.